नाकातले बोल

चित्पावनी बोलणाऱ्यांना ‘नाकात बोलतात’ म्हणून हसण्याची रीत जुनी आहे. रत्नागिरीत ही बोली ऐकत, तिच्या उच्चारांची टिपणे काढत मी बरीच वर्षे घालवली. माझे म्हणणे एवढेच, की नुसत्या नाकाने कोणालाच बोलता येत नाही.

पडजिभेलगतचा मऊ टाळू हा नाकाचा दरवाजा. तो वर उचलला की श्वास तोंडावाटेच जातो, खाली आला की नाकातही शिरतो. ‘म’ आणि ‘न’ म्हणताना श्वास नाकावाटेच बाहेर पडतो. तरी दोन्ही वेगळे ऐकू येतात, कारण एकात ओठ मिटतात, दुसऱ्यात जीभ दातांमागे टेकते. पडशाने नाक चोंदले की ‘माझं’चे ‘बाझं’ होते. सानुनासिक स्वराला मात्र दोन्ही वाटा उघड्या लागतात. पाणिनीने अनुनासिकाच्या व्याख्येत मुख आणि नासिका ही जोडीच घेतली आहे.

१९६२च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले. ‘नांव’चे ‘नाव’ झाले. चित्पावनीतले सानुनासिक स्वर अजून कानी पडतात, ते मुख्यतः वडीलधाऱ्यांच्या तोंडून. कागदावर न उरलेला उच्चार कानांनीच जपावा लागतो. हसण्याआधी तो ध्वनिमुद्रित करून ठेवू या.