शब्द पाळणारी माणसे
घाटमाथा ते दर्या : लेखांक सहावा

भोर तालुक्यातल्या वाचकांसाठी जहाज कंपन्यांवर लेखमाला कशाला, असे काहींना वाटत असेल. पण भोरचा समुद्राशी संबंध जुना आहे. वरंधा घाट उतरला की महाड आणि महाडहून सावित्रीच्या पात्रातून बाणकोटची खाडी, ही मालाची जुनी वाट. भोर संस्थानाचा सुधागड तालुका तर घाटाखाली, कोकणातच होता. आज वाट बदलली आहे. भोंगवलीकडून सारोळ्याला महामार्ग गाठायचा; डावीकडे नीरा ओलांडली की शिरवळची कारखानदारी, उजवीकडे पुणे, आणि पुढे घाट उतरून न्हावाशेवा. 1989 साली सुरू झालेल्या त्या बंदरातून इथला सुटा भाग किंवा तांदूळ परदेशी जाऊ शकतो. मागच्या लेखांकात कंटेनर बंदरात पोचेपर्यंतची कागदपत्रे पाहिली. आज त्या कागदांमागच्या माणसांकडे वळू. मुद्दा एकच मांडायचा आहे. जहाज कंपनी ग्राहकाला जो शब्द देते, त्याची किंमत कंपनीच्या आतली माणसे किती टिकून आहेत आणि एकमेकांना किती धरून आहेत, यावर ठरते. दर, जाहिरात आणि करार यांचा क्रमांक त्यानंतरचा.

करारापासूनच सुरुवात करू, कारण पहिला आक्षेप तिथूनच येतो: करार पक्का असेल तर माणसांची काय गरज? बिल ऑफ लेडिंग, ज्याला व्यवहारात सगळे ‘बीएल’ म्हणतात, तो माल ताब्यात घेतल्याची पावती, वाहतुकीच्या कराराचा पुरावा आणि मालकी हक्काचा दस्तऐवज असा तिहेरी कागद आहे. त्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत कलमे असतात. जहाज ठरल्या तारखेलाच पोचेल अशी हमी त्यांत सहसा नसते. मालाचे नुकसान झाले तर भरपाईलाही मर्यादा असते, दर डागामागे किंवा वजनावर मोजलेली. म्हणजे ग्राहकाला ज्याची सगळ्यात जास्त गरज, ती वेळेची खात्री करारात नाहीच. आता याच कागदावरची एक ओळ जवळून पाहा. घेणाऱ्याच्या नावात एक अक्षर चुकले, आणि बँकेच्या पतपत्रावर (लेटर ऑफ क्रेडिट) ते वेगळे असले, तर बँक कागद परत करते आणि पैसे अडकतात. जहाज सुटण्याआधी बीएलचा कच्चा मसुदा निर्यातदाराकडे तपासायला येतो. त्या मसुद्यावर बसलेली व्यक्ती या ग्राहकाचा माल, त्याची बँक आणि घेणाऱ्याचे नेहमीचे नाव ओळखत असेल, तर चूक तिथेच सापडते. दर चार महिन्यांनी त्या टेबलावर नवा चेहरा येत असेल, तर चूक जहाजाबरोबर समुद्रात जाते. मग दुरुस्तीचे शुल्क, जहाजाच्या मालयादीतला (मॅनिफेस्ट) बदल आणि आठवडाभराची धावपळ. करार तोच, कंपनी तीच, फरक फक्त टेबलावरच्या माणसाचा.

ग्राहकाला बांधून ठेवणे आणि ग्राहकाशी नाते जोडणे, या दोन गोष्टी जहाज धंद्यात दीडशे वर्षे शेजारीशेजारी नांदत आल्या आहेत, आणि त्यांची गल्लत नेहमी होते. बांधून ठेवण्याची सगळ्यात पक्की युक्ती एकोणिसाव्या शतकात कलकत्ता-इंग्लंड व्यापारात निघाली. मोठ्या कंपन्यांनी संघ केला, त्याला ‘कॉन्फरन्स’ म्हणत. व्यापाऱ्याने पूर्ण भाडे भरायचे. त्यातला साधारण दहा टक्के भाग सूट म्हणून परत मिळायचा, पण लगेच नाही. सहा महिन्यांच्या भाड्यावरची सूट पुढचे सहा महिनेही एकनिष्ठ राहिलात तरच हाती पडायची. मध्येच एक गोणी जरी दुसऱ्या कंपनीच्या जहाजावर चढवली, तरी साठलेली सगळी सूट बुडाली. व्यापाऱ्याचे स्वतःचेच पैसे कंपनीकडे ओलीस. या पद्धतीवर इतकी ओरड झाली की ब्रिटनमध्ये शाही आयोग बसला आणि 1909 साली त्याचा अहवाल आला.

याच भिंतीवर सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने धडक दिली. वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1919 मध्ये ही कंपनी काढली आणि 5 एप्रिल 1919 रोजी तिचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले. 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन त्याचमुळे. वालचंद मूळचे सोलापूरचे, आणि त्यांचे नाव ल्यालेले वालचंदनगर इंदापूर तालुक्यात याच नीरेच्या काठी आहे. ब्रिटिश कंपन्यांनी दर पाडले, आणि भारतीय व्यापारीही सिंदियाकडे लगेच धावले नाहीत. त्यात देशभक्तीचा अभाव होता असे मला वाटत नाही. अडकलेली सूट सोडून देणे कुणालाच परवडत नव्हते. अखेर 1923 मध्ये सिंदियाला ब्रिटिश जहाज कंपन्यांचे सूत्रधार लॉर्ड इंचकेप यांच्याशी करार करून, आपल्या जहाजांच्या टनेजवर मर्यादा मान्य करून कॉन्फरन्समध्येच जावे लागले. हा इतिहास सांगताना तो भाग गाळायचा नाही, कारण त्यातूनच बांधून ठेवलेला ग्राहक किती भक्कम दिसतो हे कळते. पण ते भक्कमपण अडकवलेल्या सवलतीच्या दोरीचे होते. म्हणूनच 1920च्या दशकाच्या अखेरीस साराभाई हाजी यांनी केंद्रीय विधिमंडळात किनारी वाहतूक भारतीयांसाठी राखून ठेवण्याचे आणि ही सूट बंद करण्याचे प्रयत्न केले.

सिंदियाकडे दोरी नव्हती, मग काय होते? माझ्या मते तिची खरी पुंजी माणसांची होती. ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर भारतीय माणूस खलाशी, सारंग (खलाशांचा मुकादम), आगवाला (भट्टीवरचा कामगार) होऊ शके. अधिकाऱ्याच्या जागा गोऱ्यांच्या. 1927 मध्ये मुंबईला ‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज सुरू झाले आणि तिथून बाहेर पडणाऱ्या तरुणांना अधिकारी म्हणून चढायला जहाजे हवी होती. ती मुख्यतः भारतीय कंपन्यांनी दिली. व्यापाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ साधा होता: बंदरावर तक्रार घेऊन गेलो तर समोरचा माणूस आपल्याला उभे करून ठेवणार नाही.

मात्र ‘आपली माणसे’ म्हटले की सगळे गोड असते असेही नाही, आणि हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. जहाजावरचा जुना समाज गावकीवर उभा होता. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एकेका गावातून सारंग आपले खलाशी घेऊन येई. भरती त्याच्या हाती, म्हणून दस्तुरीही त्याच्याच हाती. कर्ज काढून, पगाराचा हिस्सा देऊन माणसे जहाजावर चढत. त्या गोतावळ्यात आधार होता आणि पिळवणूकही होती. गोव्याच्या तारवटींनी, म्हणजे खलाशांनी, वेगळी वाट काढली. मुंबईत धोबीतलावच्या जेर महालात आणि आसपास त्यांचे ‘कूड’ होते. एकेका गावाचा एकेक कूड, भिंतीला ओळीने लावलेल्या ट्रंका, एका कोपऱ्यात वेदी, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, महिन्याची किरकोळ वर्गणी. जहाज मिळेपर्यंत माणूस तिथे राहायचा, समुद्रावर गेला की त्याची ट्रंक तिथेच राहायची. हा समाज कंपनीच्या मालकीचा नव्हता, सारंगाच्याही नव्हता. माणसांनी तो स्वतः चालवला. कंपन्यांनी आजही शिकावा तो फरक हाच. वार्षिक स्नेहसंमेलनात एकसारखे टी-शर्ट वाटले म्हणून समाज तयार होत नाही. अडचणीच्या वेळी कुठे जायचे हे माणसाला ठाऊक असावे लागते, आणि तिथला कारभार त्याच्याही हाती असावा लागतो.

कोकणच्या प्रवासी बोटींची गोष्ट याच अंगाने वाचावी. ‘तुकाराम’, ‘रामदास’ अशी संतांची नावे बोटींना दिली गेली, ती भाविक प्रवाशाला आपली वाटावीत म्हणून. जिव्हाळा खरा होता. पण 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ वादळात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ग्राहकाचे प्रेम ही जबाबदारी असते. पुरेशी जीवरक्षक साधने, हवामान पाहून बोट न सोडण्याचा निर्णय आणि तो निर्णय घेणाऱ्या माणसाच्या पाठीशी उभी राहणारी कंपनी, या गोष्टी नावातून येत नाहीत.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. समुद्री वाहतूक हा शेवटी भावाचा धंदा आहे, कंटेनरची पेटी ही पेटीच, जो स्वस्त देईल त्याला द्यावी. आणि माणसे जपणारी सिंदिया तरी कुठे टिकली? 1980च्या दशकात ती कर्जात रुतली आणि पुढे संपली. हे खरे आहे. जुनी जहाजे, कंटेनरच्या युगात उशिरा शिरणे आणि कर्ज यांना माणुसकी हा पर्याय नाही. पण निव्वळ भावावर चालणाऱ्या धंद्याचा हिशेबही पाहावा लागेल. कोरियाची हांजिन ही जगातल्या पहिल्या दहांतली कंपनी 31 ऑगस्ट 2016 रोजी दिवाळखोरीच्या दारात गेली. बंदरांना आपले पैसे बुडतील अशी भीती वाटली, म्हणून त्यांनी तिच्या जहाजांना धक्का नाकारला. सुमारे 14 अब्ज डॉलरचा माल समुद्रावर अडकला आणि त्याच जहाजांवर खलाशीही अडकले. ग्राहक आणि कर्मचारी एकाच पोलादी भिंतीच्या आत होते. 2020 मध्ये करोनाकाळात जगभर सुमारे चार लाख दर्यावर्दी करार संपूनही घरी जाऊ शकत नव्हते. 2021 मध्ये भाडी आकाशाला भिडली आणि दर तीन कंटेनर जहाजांपैकी जेमतेम एक वेळेवर पोचत होते. या दोन गोष्टी वेगवेगळ्या पानांवर छापल्या गेल्या, पण थकलेली माणसे आणि चुकलेली वेळापत्रके ही एकाच यंत्राची दोन टोके आहेत.

संगणकाच्या पडद्यावर आता पेटी कुठे आहे ते दिसते, मग माणूस कशाला, असेही विचारले जाते. पडदा पेटीची जागा दाखवतो. जहाज भरले तेव्हा कुणाची पेटी धक्क्यावर मागे ठेवायची, म्हणजे धंद्याच्या भाषेत कुणाची ‘रोल’ करायची, हे नियम आणि माणसे मिळून ठरवतात. महिन्याला दोन पेट्या पाठवणाऱ्या उद्योजकाची त्या निर्णयात फारशी पत नसते, हे मान्य करायलाच हवे. जागतिक कंपनीशी त्याचे थेट नाते जुळणारही नाही. त्याच्यासाठी जहाज कंपनी म्हणजे पुण्या-मुंबईतला फॉरवर्डर, म्हणजे मालवाहतुकीची सोय लावणारा मध्यस्थ, आणि त्याच्याकडचे कागदांचे टेबल. अनेक छोट्यांची पत एकत्र बांधून ती कंपनीपुढे ठेवणे हेच त्या टेबलाचे काम. तिथली माणसे टिकली तर ग्राहकाची ओळख टिकते. ती सोडून गेली तर ओळखही त्यांच्याबरोबर जाते, कारण ती कुठल्याही प्रणालीत पुरती नोंदलेली नसते.

म्हणून भोंगवली, सारोळे, शिरवळ या पट्ट्यातून पहिली पेटी पाठवणाऱ्यांना एक विनंती. दरपत्रक हाती आले की भाव जरूर घासा, पण तीन गोष्टी विचारा: आमचे बीएल कोण तपासणार, ती व्यक्ती इथे किती वर्षे आहे, आणि पेटी रोल झाली तर रात्री कोण फोन उचलणार. शक्य झाल्यास दर ठरवण्याआधी त्या व्यक्तीला प्रत्यक्ष भेटून या. पुढच्या लेखांकात डिटेन्शन आणि डेमरेज या दोन खर्चांचा हिशेब मांडू.