नाव, सीमा आणि अधिसूचना : बसवनगुडीचे उदाहरण

साहित्यकृतीत आलेले स्थळनाम एका निश्चित भूभागाचा निर्देश करते, असे अभ्यासक सहसा गृहीत धरतो. नागरी स्थानिक स्वराज्य संस्था कशा निर्माण होतात व त्यांना नावे कशी मिळतात, हे पाहिले म्हणजे या गृहीतकाच्या मर्यादा ध्यानी येतात. बेंगळूरुमधील बसवनगुडी हे त्याचे बोलके उदाहरण होय.

'बसवन गुडी' म्हणजे बसवाचे, अर्थात नंदीचे देऊळ. कन्नड 'गुडी' आणि मराठी 'गुढी' यांच्या उच्चारांत साम्य आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, प्लेगच्या काळात, जुन्या पेठांबाहेर नवी वसाहत वसली व देवळाचे नाव तिला मिळाले. पुढे ते विधानसभा मतदारसंघाला आणि महापालिकेच्या प्रभागालाही लाभले. या साऱ्यांच्या सीमा मात्र एक नाहीत. २०१० व २०१५च्या महापालिका निवडणुकांत 'बसवनगुडी' हा १५४ क्रमांकाचा प्रभाग होता. त्याच नावाच्या मतदारसंघातील हनुमंतनगर व श्रीनगर हे प्रभाग त्याहून वेगळे होते.

१९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीनुसार लोकसंख्या, तिची घनता, महसूल, बिगरशेती रोजगाराचे प्रमाण इत्यादी निकष विचारात घेऊन राज्यपाल नागरी क्षेत्र अधिसूचित करतात. क्षेत्राचे प्रभाग पाडले जातात व त्यांतून सदस्य थेट निवडून येतात. म्हणजे संस्थेचे नाव कायद्याने सिद्ध होते. त्या नावाचा अर्थ मात्र बहुधा लोकव्यवहारात आधीच रुजलेला असतो.

२००७ मध्ये जुन्या महापालिकेत सात नगरसभा, एक पुरसभा व ११० गावे मिळवून 'बृहत् बेंगळूरु महानगर पालिके' स्थापन झाली. मराठी वाचकाला येथे 'बृहन्मुंबई'चे स्मरण होणे स्वाभाविक आहे. २०२४च्या कायद्यान्वये सप्टेंबर २०२५ मध्ये तिच्या जागी पाच पालिका आल्या. त्यांची नावे मध्य, उत्तर, दक्षिण, पूर्व व पश्चिम अशी, म्हणजे निव्वळ दिशादर्शक आहेत. त्यांच्या कन्नड नावांतील 'नगर पालिके' हा शब्द मराठी अनुवादकाला फसवणारा आहे. आपली 'नगरपालिका' महानगरपालिकेहून लहान असते. कन्नडमध्ये त्या दर्जासाठी 'नगरसभे' व 'पुरसभे' हे शब्द आहेत. अनुवादात शब्द तसाच ठेवला, तर संस्थेचा दर्जा खाली येतो.

यातील नागरिकांचा प्रश्नही दुर्लक्षिण्याजोगा नाही. निर्वाचित सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली आणि ती महापालिका अस्तित्वात असेपर्यंत पुन्हा निवडणूक झाली नाही. प्रभाग कागदोपत्री होते. त्यांच्या वतीने बोलणारा सदस्य मात्र उरला नव्हता. म्हणून एखाद्या कथेत 'बसवनगुडी' आले, तर ते देऊळ, वसाहत, प्रभाग की मतदारसंघ, आणि कोणत्या वर्षीचा, हा प्रश्न अभ्यासकाने प्रथम विचारला पाहिजे. अधिसूचनेने सीमा बदलते. नावाची स्मृती तिच्या आज्ञेत नसते.