गोळीला खाडा नको

ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाला खाडा म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. एक दिवस फडात गेले नाही की तो खाडा धरला जातो आणि हिशेबाच्या वेळी पैसे कापले जातात. आज आम्ही दुसऱ्याच एका खाड्याविषयी सांगणार आहोत. हा खाडा गोळीचा. त्याचा हिशेब मुकादम करीत नाही, आपले शरीर करते.

एचआयव्ही नावाचा एक विषाणू आहे. तो डोळ्यांना दिसत नाही. तो रक्तात शिरतो आणि अंगाची राखण करणाऱ्या पेशींनाच मारतो. राखणदारच गेले, तर शेतात कोणतेही जनावर शिरणार. तसेच क्षयासारखे रोग मग अंगात शिरतात. या शेवटच्या अवस्थेला एड्स म्हणतात.

भारतात हा विषाणू प्रथम १९८६ साली आढळला. तेव्हा त्यावर औषधच नव्हते. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची रीत निघाली आणि माणसे वाचू लागली. पण ती औषधे फार महाग होती. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने किंमत पुष्कळ खाली आणली. १ एप्रिल २००४ पासून आपले सरकार ही औषधे फुकट देऊ लागले. आता बहुतेक मोठ्या माणसांना दिवसाला एकच गोळी पुरते. तिच्यातच तीन औषधे असतात. सरकारी एआरटी केंद्रात ती मिळते.

औषध आहे, फुकट आहे, एकच गोळी आहे. मग माणसे ती मध्येच का सोडतात?

पहिले कारण असे, की माणसाला बरे वाटू लागते. अंग भरते, भूक लागते. तो म्हणतो, "मला आता काही होत नाही, मग गोळी कशाला?" पण बरे वाटते ते गोळीमुळेच. गोळी विषाणूला समूळ नाहीसा करीत नाही. तो पेशींत दडून बसतो. गोळी थांबली की तो पुन्हा वाढतो. शिवाय, पाखरे जशी बुजगावण्याला सरावतात, तसा विषाणू अर्धवट घेतलेल्या औषधाला सरावतो. मग त्या गोळीचा उपयोग होत नाही. दुसरी औषधे घ्यावी लागतात.

दुसरे कारण लाज आणि भीती. सासूने डबी पाहिली तर? शेजारणीने विचारले तर? म्हणून सून गोळी पिठाच्या डब्यात लपवते. घरात पाहुणे आले की त्या दिवशीची गोळी राहतेच. खरे पाहता, एका ताटात जेवल्याने, हात लावल्याने किंवा डास चावल्याने हा रोग होत नाही. मग माणसाला वाळीत टाकायचे कशाला? रोग्याला औषधापासून तोडण्याचे पाप आपल्या कुजबुजीलाही लागते.

तिसरे कारण पोटामागची वणवण. समजा, बीड जिल्ह्यातले एक जोडपे दिवाळीच्या सुमारास कोल्हापूरकडे तोडीला गेले. गोळ्या एका महिन्याच्याच घेतल्या होत्या. त्या संपल्या. गावाकडच्या केंद्रात जायचे तर गाडीभाडे हवे, दोन दिवसांची मजुरी बुडणार, आणि मुकादमाला कारण काय सांगायचे? अशा वेळी पाच महिने कोपीत गोळीविना जातात.

आणखीही कारणे आहेत. कुणाला गोळीने मळमळते, झोप लागत नाही. कुणी दारूच्या नादात विसरतो. कुणी खचून म्हणतो, "जगून तरी काय करायचे?" कुणाला एखादा बाबा सांगतो, "माझा काढा घे, गोळी सोड." बाबाच्या काढ्याने हा विषाणू जात नाही. पैसा मात्र जातो.

यावर उपाय काय? आम्हांला सुचतात ते असे :

गोळीची वेळ रोजच्या एखाद्या कामाला बांधून टाका. रात्रीच्या जेवणानंतर म्हणजे जेवणानंतर. एखाद दिवशी विसरलात, तर आठवताच घ्या. पण दोन दिवसांच्या गोळ्या एकदम घेऊ नका.

घरातल्या एका तरी विश्वासाच्या माणसाला सांगा. आठवण करणारे कुणी असले की काम हलके होते.

परगावी जायच्या आधी केंद्रात सांगा. अधिक दिवसांच्या गोळ्या मागा. नाहीतर तिकडच्या जवळच्या केंद्रात नाव बदलून घेण्याची चिठ्ठी मागा.

त्रास होत असेल तर गोळी सोडू नका, डॉक्टरांना सांगा. क्षयाची, पित्ताची किंवा लोहाची औषधे चालू असतील तर तीही सांगा, कारण त्यांचा या गोळीशी संबंध येतो. शंका असली तर १०९७ या क्रमांकावर फोन करा. त्याला पैसे पडत नाहीत.

गोळी चुकली म्हणून बोलणी बसतील या भीतीने केंद्रात जायचे टाळू नका. खंड पडला असला तरी परत जा.

एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. रोज गोळी घेऊन रक्तातला विषाणू इतका कमी होतो, की तपासणीतही सापडत नाही. तो तसाच कमी राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गरोदर बाईने गोळी नियमित घेतली, तर बाळ सुखरूप राहण्याचा संभव फार मोठा असतो. म्हणजे एका माणसाची गोळी साऱ्या घराची राखण करते.

कायदाही पाठीशी आहे. २०१७ साली झालेला एचआयव्हीविषयीचा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. या रोगावरून कुणाला कामावर, शाळेत किंवा दवाखान्यात अन्यायाने वेगळे वागवायला आता कायद्याने मनाई आहे.

वाचकहो, तुमच्या गावात कुणी ही गोळी घेत असेल. कदाचित तुम्हांला ते ठाऊकही नसेल. त्याला विचारू नका, पण चारचौघांत या रोगाची गोष्ट निघाली तर चांगले बोला. तो ऐकत असेल. तुमच्या एका शब्दाने त्याचा आजचा खाडा टळेल.