फ्लक्स मोजायचा म्हणजे नेमकं काय मोजायचं?

आजच्या भागाचा विषय आहे चुंबकीय फ्लक्स. शाळेत आपण 'एखाद्या पृष्ठभागातून जाणाऱ्या बलरेषा' असं काहीतरी पाठ केलेलं असतं. पण या रेषा तर कोणी पाहिलेल्या नाहीत. मग मोजतात कशा?

आधी पाऊस डोळ्यांसमोर आणा. सरळ धारा पडताहेत आणि तुम्ही अंगणात परात धरली आहे. परात आडवी असेल तर भरपूर पाणी जमेल, तिरकी केली तर कमी, आणि पूर्ण उभी धरली तर जवळपास काहीच नाही. म्हणजे पावसाचा जोर, परातीचा आकार आणि तिचा कल, या तिन्हींवर हिशेब ठरतो. फ्लक्सचंही तसंच. क्षेत्राची तीव्रता टेस्लामध्ये, पृष्ठभाग चौरस मीटरमध्ये, दोघांचा गुणाकार आणि त्यात कलाचा हिशेब. उत्तर येतं वेबरमध्ये. फरक एकच, पाऊस खरोखर पडत असतो, फ्लक्समध्ये मात्र काहीही वाहत नाही.

आता मोजणी. १८३१ मध्ये मायकेल फॅरेडेनं दाखवलं, की तारेच्या वेटोळ्यातला फ्लक्स बदलला की वेटोळ्यात व्होल्टेज तयार होतं. स्थिर फ्लक्स असेल तर काहीच नाही. म्हणून फ्लक्स मोजायचा तर तो मुद्दाम बदलावा लागतो.

समजा, १०० वेढ्यांची, १० चौरस सेंटिमीटरची एक छोटी कॉइल चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये काटकोनात धरली आणि झटकन बाहेर ओढली. अर्ध्या सेकंदात ओढली तर सरासरी ०.१ व्होल्ट मिळाले. एक दशांश सेकंदात ओढली तर ०.५ व्होल्ट. आकडे वेगळे, पण व्होल्ट गुणिले सेकंद केलं की दोन्ही वेळा ०.०५ च येतात! हात हळू चालला की जोरात, याला महत्त्वच नाही. १०० वेढ्यांनी भागा, फ्लक्स ०.०००५ वेबर. तो क्षेत्रफळानं भागा, तीव्रता ०.५ टेस्ला. फ्लक्समीटर नावाचं यंत्र हीच बेरीज आपोआप करतं.

मग हॉल सेन्सर? एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर तो चालतो. पण तो एका जागेची तीव्रता सांगतो, अख्ख्या पृष्ठभागाचा फ्लक्स नाही. परातीऐवजी एका जागी ठेवलेली वाटी म्हणा हवं तर.

हे सगळं घरापर्यंत कसं पोचतं? इलेक्ट्रिशियनचा क्लॅम्प मीटर बघा. त्याचा जबडा वायरभोवतीचा फ्लक्स पकडतो आणि त्यावरून करंट सांगतो. आता फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायर एकत्र जबड्यात घेतल्या, तर करंट उलट दिशांना असल्यानं फ्लक्स एकमेकांना खोडतात आणि मीटर शून्य दाखवतो. पंखा मात्र फिरतच असतो! आणि एकच वायर पकडली, पण स्विच बंद असेल, तरी शून्यच. वायरीत २३० व्होल्ट असू शकतात. म्हणून क्लॅम्प मीटरचं शून्य बघून वायरीला हात लावायचा नाही. 'करंट वाहत नाही' आणि 'वायर सुरक्षित आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, बरं का.

मोजणारा किती जपतो, याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मुंबईजवळ जेमतेम ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास. कुलाब्याच्या वेधशाळेत त्यातले बारीक बदल टिपले जायचे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, आणि त्यांच्या करंटमुळे नोंदी बिघडणार हे ओळखून चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली. तिथे १९०४ पासून नोंदी सुरू झाल्या, त्या आजही चालू आहेत.

तर मंडळी, फ्लक्स दिसत नाही, पण बदलला की बोलतो. भेटू पुढच्या भागात!