अर्धा राहिलेला डाव

आम्ही लहान असताना वाड्याच्या मागील अंगणात रोज संध्याकाळी विटीदांडूचा डाव रंगत असे. डाव ऐन भरात यावा आणि नेमकी त्याच वेळी स्वयंपाकघराच्या दारातून हाक यावी, ‘दिवे लागले, हातपाय धुऊन परवचेला बसा!’ त्या हाकेपुढे कोणाची मात्रा चालत नसे. परंतु पायरीवर पाय धुता धुता जे भांडण जुंपे, ते परवचा संपली तरी संपत नसे. ज्याचे गुण अधिक झालेले असत तो म्हणे, ‘आम्ही जिंकलो, उद्या राज्य तुमच्यावर.’ जो मागे पडलेला असे तो म्हणे, ‘डाव मोडला, झाले गेले सारे रद्द.’ आणि ज्याला अद्याप खेळावयास मिळालेच नव्हते तो रडवेला होऊन म्हणे, ‘उद्या येथूनच पुढे खेळू या.’ तिघांनाही आपापले म्हणणे न्यायाचे वाटे. आणि प्रत्येकाचा न्याय नेमका त्याच्या सोयीचा असे.

२०२० साली कोविडच्या महासाथीने युरोपातील फुटबॉलचा मोसम अर्ध्यावर थांबविला, तेव्हा तेथील मोठमोठ्या क्रीडासंस्थांतही हेच भांडण जुंपले. फरक इतकाच की, आमच्या भांडणाचा निवाडा आजोबा करीत, आणि त्यांच्या भांडणाचा निवाडा करावयास वकील व न्यायालये लागली. ‘ह्या परक्या मुलखातील पंचाइतीशी आम्हांस काय कर्तव्य?’ असे वाचक कदाचित म्हणतील. परंतु अर्धवट राहिलेल्या कामाचा न्याय कसा करावा, हा प्रश्न परका खचित नाही. परीक्षा, वाटण्या, व्यवहार, कोठेही तो आपणास गाठू शकतो. म्हणून ह्या प्रकरणाचा थोडा विचार करणे उपयोगाचे होईल.

प्रथम ह्या स्पर्धेची रीत समजून घेतली पाहिजे. युरोपात फुटबॉलची मुख्य स्पर्धा ‘लीग’ पद्धतीची असते. इंग्लंडच्या वरिष्ठ लीगमध्ये वीस संघ असतात. प्रत्येक संघ इतर प्रत्येकाशी दोन वेळा खेळतो. एकदा आपल्या क्रीडांगणावर आणि एकदा प्रतिपक्षाच्या. असे अडतीस सामने होतात. विजयास तीन गुण आणि बरोबरीस एक गुण मिळतो. शेवटी सर्वांत अधिक गुण मिळविणारा अजिंक्य ठरतो आणि तळाचे संघ खालच्या श्रेणीत उतरतात. ह्या उतरण्यास तेथे फार भितात, आणि ते साहजिकच आहे. श्रेणी गेली की उत्पन्न घटते, चांगले खेळाडू सोडून जातात, आणि तिकीटघरापासून हिरवळीची निगा राखणाऱ्या माळ्यापर्यंत अनेकांच्या पोटावर पाय येतो. ह्या पद्धतीचा सारा न्याय तिच्या पूर्णत्वात आहे. सर्वांना सर्वांशी सारख्याच वेळा झुंजावे लागते, म्हणून कोणास तक्रारीस जागा राहत नाही. मोसम मध्येच थांबला म्हणजे कोणाचे बलाढ्य प्रतिस्पर्धी उरकलेले असतात, तर कोणाचे अद्याप समोर उभे असतात. अशा वेळचा गुणतक्ता म्हणजे पारडे स्थिर होण्यापूर्वीच वाचलेले वजन होय.

थांबणे मात्र अटळ होते. १९ फेब्रुवारी २०२० रोजी इटलीतील बेर्गामो शहराच्या अटलांटा संघाचा स्पेनच्या व्हॅलेन्सियाशी मिलान येथे सामना झाला, तेव्हा चाळीस हजारांहून अधिक प्रेक्षक जमले होते. पुढे थोड्याच आठवड्यांत बेर्गामोवर जो प्रसंग ओढवला तो साऱ्या जगाने पाहिला. मार्चच्या मध्यापर्यंत युरोपातील बहुतेक क्रीडांगणे ओस पडली. साथ केव्हा ओसरेल हे कोणालाच सांगता येईना. आणि खेळाडूंचे अनेक करार तर ३० जूनला संपावयाचे होते. तेव्हा मोसमाचा शेवट करावयाचा कसा?

पहिला मार्ग, ‘येथूनच पुढे खेळू’ हा. तो जर्मनीने प्रथम धरला. १६ मे २०२० रोजी तेथील सामने रिकाम्या प्रेक्षागारांपुढे पुन्हा सुरू झाले. पाठोपाठ जूनमध्ये स्पेन, इंग्लंड आणि इटली ह्यांनीही तेच केले. खेळाडूंची वारंवार तपासणी करावी लागली, आणि विश्रांतीने जडावलेल्या शरीरांना इजा होऊ नये म्हणून तीनऐवजी पाच खेळाडू बदलण्याची मुभा द्यावी लागली. इंग्लंडमधील उरलेले ब्याण्णव सामने १७ जून ते २६ जुलै ह्या अवधीत उरकण्यात आले. न्यायाच्या दृष्टीने हा मार्ग सर्वांत निर्मळ होय. परंतु तो श्रीमंतांचा मार्ग आहे. चित्रवाणीवरील प्रक्षेपणाचे मोठे उत्पन्न ज्यांना मिळते, त्यांना रिकाम्या मैदानात खेळणे परवडते. जे लहान संघ दाराशी जमणाऱ्या तिकिटांच्या पैशांवर गुजराण करतात, त्यांना प्रेक्षकांवाचून खेळणे म्हणजे पदरचे घालून यात्रा भरविणे होय.

दुसरा मार्ग, ‘डाव मोडला’ हा. त्याला जुना आधारही होता. १९३९ च्या सप्टेंबरात महायुद्ध सुरू होताच इंग्लंडची लीग बंद पडली आणि तोवरचे निकाल पुसून टाकण्यात आले. परंतु त्या वेळी वरिष्ठ श्रेणीतील संघांचे जेमतेम तीन तीन सामने झालेले होते. तीन सामने पुसणे निराळे, आणि पंचवीस-तीस सामन्यांची कमाई पुसणे निराळे. हॉलंडने २४ एप्रिल २०२० रोजी असे ठरविले की कोणी अजिंक्य नाही, कोणी चढणार नाही आणि कोणी उतरणारही नाही. तत्पूर्वी चौतीस संघांची मते विचारली, तेव्हा चढउतार व्हावी असे सोळांनी सांगितले, नऊ विरुद्ध पडले आणि नऊ तटस्थ राहिले. दुसऱ्या श्रेणीच्या अग्रभागी असलेला कांबूर हा संघ वरच्या श्रेणीच्या उंबरठ्यावर होता. त्याच्या तोंडचा घास असा गेला. त्याने न्यायालयात दाद मागितली, पण यश आले नाही. आणि ‘रद्द’ म्हटल्याने सारेच रद्द होते असेही नाही. युरोपीय स्पर्धेसाठी संघ पाठवावेच लागतात. आयाक्स व ए. झेड. ह्या संघांचे गुण सारखेच, छप्पन्न, होते. गोलांच्या सरशीमुळे आयाक्सला मुख्य स्पर्धेत थेट प्रवेश मिळाला आणि ए. झेड.ला पात्रतेच्या फेरीत जावे लागले. वास्तविक त्याच मोसमात ए. झेड.ने आयाक्सला दोन्ही वेळा हरविले होते! इंग्लंडच्या खालच्या पायऱ्यांवरही निकाल पुसले गेले. जर्सी बेटावरील जर्सी बुल्स ह्या नवख्या संघाने सत्तावीस सामने खेळून सत्तावीसही जिंकले होते. त्या बिचाऱ्यांची पाटी कोरी झाली.

तिसरा मार्ग त्रैराशिकाचा. झालेल्या सामन्यांवरून दर सामन्यास सरासरी किती गुण पडले ते काढावे आणि त्यावरून क्रम लावावा. अंकगणितात पक्षपात नसतो असे म्हणतात. परंतु त्याच्या हाती निवाडा दिला म्हणजे काय होते ते पाहण्यासारखे आहे. स्कॉटलंडच्या दुसऱ्या श्रेणीत पार्टिक थिसल ह्या संघाचे सत्तावीस सामन्यांत सव्वीस गुण झाले होते. त्याच्या लगत वर असलेल्या क्वीन ऑफ द साउथचे अठ्ठावीस सामन्यांत अठ्ठावीस गुण होते. राहिलेला एक सामना जिंकता, तर थिसलचे एकोणतीस गुण होऊन तो वर सरकला असता. परंतु ०.९६ हा आकडा १ पेक्षा लहान, म्हणून थिसलला खाली उतरविण्यात आले. त्याच देशाच्या वरिष्ठ श्रेणीत हार्ट्स हा संघ वरच्या संघापासून चार गुणांनी मागे होता आणि आठ सामने शिल्लक होते. त्याचीही तीच गत झाली. दोघांनी लवादापुढे तक्रार नेली, पण निकाल विरुद्ध गेला. उलटपक्षी, इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीतील विकम हा संघ आठव्या स्थानी होता. त्याचा एक सामना कमी झालेला असल्यामुळे सरासरी काढताच तो तिसऱ्या स्थानी आला, पुढील निर्णायक सामने जिंकला, आणि आपल्या इतिहासात प्रथमच दुसऱ्या श्रेणीत जाऊन पोहोचला. ह्यात त्याचा काही दोष नव्हता. पण त्याच गणिताने सहाव्या स्थानावरील पीटरबरो निर्णायक सामन्यांना मुकला.

सरासरी ही भूतकाळाची नोंद आहे. भविष्याची ग्वाही नव्हे. ह्याचा पुरावा इंग्लंडच्या वरिष्ठ लीगमध्येच मिळतो. खेळ थांबला तेव्हा ॲस्टन व्हिला हा संघ शेवटून दुसरा होता, आणि सरासरीने निकाल लावला असता तर तो खचित उतरला असता. खेळ पुन्हा सुरू झाला आणि व्हिला अवघ्या एका गुणाने वाचला. सुरक्षित जागी असलेला वॉटफर्ड मात्र बुडाला. त्याच तक्त्याच्या माथ्यावर लिव्हरपूल पंचवीस गुणांनी पुढे होता, आणि आणखी दोन विजय मिळताच कोणी त्याला गाठू शकला नसता. पुढे तोच अजिंक्य ठरला, आणि कोणासही नवल वाटले नाही.

आमच्या मते साऱ्या वादाची किल्ली येथे आहे. अर्धवट पुराव्यावर बक्षीस देता येईल. अर्धवट पुराव्यावर शिक्षा देता येणार नाही. आघाडी निर्विवाद असताना पुढच्यास मान दिला, तर दुसऱ्याचे फारसे काही जात नाही. परंतु आठ-दहा सामने शिल्लक असताना एखाद्यास खाली ढकलणे म्हणजे साक्ष पुरी होण्यापूर्वीच आरोपीस दोषी ठरविणे होय. आपल्याकडे भारतीय फुटबॉल महासंघाने त्याच वर्षी आय-लीगच्या बाबतीत हाच विवेक दाखविला. मोहन बागानने चार सामने शिल्लक असतानाच अजिंक्यपद निश्चित केले होते. ते त्याला देण्यात आले, उरलेले सामने रद्द झाले, आणि कोणासही खाली उतरविले नाही.

ह्यावर आक्षेप येईल, की खालून चढणारे आले आणि वरचा कोणी उतरला नाही, तर जागा पुरणार कशी? आपल्या घरात पंगतीला ऐनवेळी पाहुणे आले म्हणजे आपण काय करतो? पाट थोडे जवळ सरकवितो. बेल्जियमने अखेर तेच केले. वासलांड-बेव्हरेन हा तळाचा संघ केवळ दोन गुणांनी मागे असून एक सामना बाकी होता. पुष्कळ वादानंतर त्याला वरच ठेवले, खालून दोन संघ आणले आणि पंगत सोळाऐवजी अठरांची केली. फ्रान्समध्ये मात्र वेगळे घडले. तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ९ जून २०२० रोजी मोसम संपविण्याचा निर्णय उचलून धरला, पण आमियां व तुलूज ह्या संघांच्या उतरणीस स्थगिती देऊन फेरविचार सांगितला. संस्थांनी फेरविचार केला आणि वीसांची पंगत वीसांचीच ठेवली. दोघांनाही उठावे लागले. स्कॉटलंडमध्येही पंगत वाढविण्याची सूचना जूनमध्ये फेटाळली गेली. पाट सरकविले म्हणजे प्रत्येकाच्या पानातील वाढप थोडे कमी होते. आणि ते सोसण्याची तयारी पुरेशा लोकांची नव्हती.

बक्षिसांचा प्रश्नही सर्वत्र सोपा असतो, असे आम्ही म्हणत नाही. फ्रान्समध्ये लियों हा संघ एका गुणाने मागे, सातव्या जागी, अडकला आणि पुढील वर्षीच्या युरोपीय स्पर्धांस मुकला. तोच संघ त्याच ऑगस्टमध्ये जुना मोसम पुरा करताना चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत जाऊन पोहोचला! जेथे आघाडी एका गुणाची असते, तेथे कोणताही नियम कोणास तरी बोचणारच. परंतु एक वर्ष परदेशी न जाणे आणि घरातील पानावरून उठविले जाणे, ह्या दोन दुःखांची तुलना होऊ शकत नाही.

आणखी एक गोष्ट ह्या प्रकरणातून शिकावयाची आहे. नियम शोधण्यास सारे बसले ते तक्ता समोर ठेवून. तळाच्या संघांना रद्द करणे न्याय्य वाटले, आघाडीवरच्यांना सरासरी न्याय्य वाटली. ते वाईट लोक होते म्हणून नव्हे. आपले पान कोठे वाढले आहे हे ठाऊक असताना निःपक्षपाती राहणे फार थोड्यांस साधते. शहाणा बाप वाटणीपत्र हयातीत, घरात सलोखा असताना करून ठेवतो, त्याचे कारण हेच. किती सामने झाले म्हणजे मोसम ग्राह्य धरावा, निर्णय कोणी द्यावा, आणि तोटा कोणी किती सोसावा, हे पहिली शिट्टी वाजण्यापूर्वीच, सर्वांचे गुण शून्य असताना लिहिले गेले पाहिजे.

त्या वर्षी खाली ढकललेल्या हार्ट्सने आणि थिसलने, तसेच दार बंद झालेल्या कांबूरनेही, पुढच्याच मोसमात आपापली श्रेणी जिंकून वरचे स्थान मिळविले. त्यांच्या पौरुषाचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण ज्याला उगाच खाली ढकलले तो पुन्हा चढून आला, म्हणून ढकलणे न्याय्य ठरत नाही.

आमच्या आजोबांनी एकदा आमचे भांडण ऐकून घेतले आणि विचारले, ‘उद्या खेळावयास लागण्यापूर्वी हे ठरवाल की नाही?’ दुसऱ्या दिवशी विटी उडण्याच्या आधीच ठरले, की दिवे लागले तर ज्याचे गुण अधिक त्याची पाठ थोपटावयाची, मात्र राज्य कोणावरच नाही. त्या संध्याकाळी हाक आली तेव्हा आम्ही मुकाट्याने पाय धुतले, आणि परवचेला वेळेवर बसलो.