मारिका गोम्बितोवा : स्लोव्हाक पॉपची खरी राणी

पूर्व युरोपातलं संगीत धुंडाळायची सवय असेल, तर हे नाव एव्हाना भेटलंच असेल. नसेल, तर आज रात्री हेडफोन लावून ऐकाच.

जन्म 1956, पूर्व स्लोव्हाकियातला. गाजली ती ‘मोडुस’ या बँडमधून. 1977 मध्ये ‘ऊस्मेव’ या गाण्यानं ब्रातिस्लावस्का लीरा या मानाच्या स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. 1979 मध्ये पहिला सोलो अल्बम आला.

आणि नोव्हेंबर 1980 मध्ये मोटार अपघात. वय 24. मणक्याला इजा, तेव्हापासून व्हीलचेअर. पुढच्याच वर्षी नवा अल्बम! नंतर तर ती स्वतःच चाली बांधायला लागली. शब्द बहुतेकदा कवी कामिल पेतेराय यांचे. 1990चं ‘काम इदू ल्यूदिया’ ऐका, त्याची चाल तिचीच.

सुरुवात मात्र ‘व्हिझनानिए’पासून करा. चाल यान्को लेहोत्स्कीची. आवाज आधी अगदी जपून, बोलल्यासारखा येतो आणि मग असा चढतो की अंगावर काटा येतो. भाषा कळत नाही? काही अडत नाही. मिरो झ्बिर्काबरोबरची तिची युगुलगीतंही सोडू नका.