महोत्सव पणजीत, प्रेक्षक दौलतगंजात

भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ साली गोव्यात आला, तेव्हा तो येथे रुजेल काय, अशी शंका घेणारे कमी नव्हते. तो रुजला. त्याच्या येण्याने गोव्याला काय लाभले आणि काय खर्च आला, याचा हिशेब पुष्कळदा मांडला गेला आहे. परंतु गोव्याबाहेरच्या सामान्य रसिकाच्या पदरात त्यातून काय पडले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. २०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरातील एका महिन्याने तो आमच्यापुढे उभा केला.

२० ते २८ नोव्हेंबर या नऊ दिवसांत पणजी-पर्वरीच्या फेऱ्या मारीत आम्ही जमेल तेवढे पाहिले. उद्घाटनाच्या ‘बेटर मॅन’मध्ये रॉबी विल्यम्स या इंग्रज गायकाला वानराच्या रूपात दाखविले आहे, या युक्तीचे नवल पहिली पंधरा मिनिटे टिकते, पुढे गाणीच चित्रपटाला तारून नेतात. सुवर्णमयूर मिळविणारा लिथुआनियाचा ‘टॉक्सिक’ मात्र मनात सलत राहिला. उजाड औद्योगिक गावातून सुटका व्हावी म्हणून मॉडेल होऊ पाहणाऱ्या आणि त्यापायी स्वतःच्या देहाचे हाल करणाऱ्या दोन कोवळ्या मुलींची ही कथा दिग्दर्शिकेने डोळ्यांत पाणी न आणता सांगितली आहे. नवोदित भारतीय दिग्दर्शकाचा पुरस्कार ‘घरत गणपती’साठी नवज्योत बांदिवडेकर यांना मिळाला. कोकणातले घर, गणपतीसाठी जमलेला गोतावळा, माणसांचे रुसवे-फुगवे. चवथीला माटोळीखाली बसलेल्या गोमंतकीयाला यात परके असे काहीच नाही.

जन्मशताब्दीनिमित्त राज कपूर यांचा ‘आवारा’ही जीर्णोद्धार केलेल्या प्रतीवरून दाखविला गेला. तो या महोत्सवाचा जुना सोबती. १९५२ च्या जानेवारीत मुंबईस पहिला महोत्सव भरला, त्यात भारताच्या वतीने जे चित्रपट होते त्यांत ‘आवारा’च्या पंक्तीला व्ही. शांताराम यांचा मराठी ‘अमर भूपाळी’ होता. परदेशी चित्रपटांत डी सिका यांचा ‘बायसिकल थीव्ह्‌ज’ होता. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, तो महोत्सव मुंबईत बसून राहिला नाही. चित्रपटांच्या जड पेट्या हलवाव्या लागत त्या काळात तो मद्रास, दिल्ली, कलकत्ता असा रसिकांच्या दाराशी गेला. आज पेट्या नाहीत, सारा चित्रपट एका लहानशा यंत्रिकेत मावतो. आणि महोत्सव मात्र मांडवीच्या काठावरून हलत नाही.

डिसेंबरात आम्ही ग्वाल्हेरला गेलो ते तानसेन समारोहाच्या शंभराव्या पर्वासाठी. मुक्काम लष्करातील दौलतगंजात होता. १८१० साली दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ येथे पडला आणि तळाचेच शहर झाले, म्हणून त्याचे नाव लष्कर. दौलतगंज म्हणताच त्याच दौलतरावांची आठवण व्हावी. ‘अमर भूपाळी’चा नायक शाहीर होनाजी त्यांचाच समकालीन. येथल्या मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली जाते. तिला हिंदीचा हेल आहे, परंतु देवघरातील आणि स्वयंपाकघरातील शब्द शाबूत आहेत. आमच्या यजमानांच्या वृद्ध मातोश्रींनी ‘घरत गणपती’ पाहिला होता, तो नातवाच्या मोबाईलवर, चार बैठकांत. “पिक्चर छान होता हो,” त्या म्हणाल्या, “पण हसायला शेजारी कुणी नव्हतं.”

आमच्या मुक्कामात लष्करातील चित्रपटगृहांच्या फलकांवर मराठी चित्रपट एकही आढळला नाही. यात चित्रपटगृहाच्या मालकाला बोल लावण्यात अर्थ नाही. शेदीडशे प्रेक्षक येतील याची हमी त्याला कोणी दिलेली नसते. प्रभातने या अडचणीवर आपल्या परीने तोड काढली होती. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. ‘कुंकू’ हिंदीत ‘दुनिया न माने’ झाला, ‘माणूस’ हिंदीत ‘आदमी’ झाला, ‘शेजारी’ हिंदीत ‘पडोसी’ झाला. बृहन्महाराष्ट्रातील मराठी माणसाला आपल्या कंपनीचा चित्रपट निदान शेजारच्या भाषेत तरी भेटत असे. ती रीत पुढे मोडली आणि तिच्या जागी दुसरी काही आली नाही.

तानसेन समारोहात आम्हांला जे दिसले त्याने ही उणीव अधिक बोचली. १९२४ पासून चालत आलेला हा सोहळा; हजिऱ्याला तानसेनाच्या समाधीशी आरंभी हरिकथा होते, मिलादही होतो. ही हरिकथा ढोलीबुवांच्या मठाच्या परंपरेतली, म्हणजे मराठी कीर्तनाचीच सोयरी. प्रवेशपत्र नाही, गळ्यात ओळखपत्र नाही. भाजीची पिशवी पायाशी ठेवून विलंबित ख्याल ऐकणारा गृहस्थ तेथेच पाहावा. शंभर वर्षे दार उघडे ठेवल्यावाचून असा श्रोता तयार होत नाही. चित्रपट महोत्सवाने प्रतिनिधी पुष्कळ जमविले. प्रेक्षक घडविण्याचे काम त्याने जवळजवळ सोडूनच दिले आहे, असे आम्हांला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

पैशाची सबब पुढे केली जाईल. परंतु त्याच डिसेंबरात, १३ ते १५ या तीन दिवसांत, राज कपूर यांचे १० चित्रपट देशातील ४० शहरांतल्या १३५ चित्रपटगृहांतून शंभर रुपये तिकिटात दाखविले गेले. या उपक्रमात राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा सहभाग होता, आणि गोव्याचा महोत्सव भरविणारेही तेच महामंडळ. म्हणजे हात तेच, यंत्रणा हाताशी आहे, चित्रपटगृहांशी बोलणी कशी करावयाची हेही ठाऊक झाले आहे. हिंदीतील थोर कलावंतासाठी जे तीन दिवसांत जमले, ते महोत्सवात गौरविलेल्या मराठी, कोंकणी चित्रपटांसाठी वर्षातून एकदा का जमू नये?

आमची मागणी मोठी नाही. महोत्सव आटोपताच त्यातील चार चित्रपट ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद या शहरांत प्रत्येकी तीन संध्याकाळी दाखवावेत. गोवा सरकारने यजमान या नात्याने हा विषय महामंडळाकडे लावून धरावा आणि त्या त्या गावच्या मराठी मंडळींनी तिकिटे खपविण्याचा भार उचलावा. ग्वाल्हेरसाठी तानसेन समारोहाचा आठवडा सोयीचा, कारण तेव्हा बाहेरगावचे रसिकही तेथे असतात. चारांपैकी एक चित्रपट जुना असावा. तो ‘अमर भूपाळी’ असल्यास दौलतगंजात तरी त्याची जाहिरात करावी लागणार नाही.